बांधावरची एकेचाळीस झाडं

१२ जानेवारी २०२६, सोमवार

हे गेले त्या वर्षीच्या एका रविवारी सकाळीही नेहमीचंच. दूध तापवलं. ह्यांच्या पायांना तेल चोळलं, डावा जास्त सुजलेला. गोळ्या वाटीत काढून ठेवल्या. वालाची उसळ करून झाकली, चादर बदलली. मग ह्यांनी उशीखालून वही काढून माझ्या हातात दिली. 'चलथाणची बारा शेतं. बांधावरची झाडं मोज. ऊस उभा आहे का तेही बघ. घाई करू नकोस.'

घाई करू नकोस! दहाला अर्चना यायची होती ना. मी पिशवी घेतली आणि बाहेर पडले.

हे सगळं आज आठवलं, कारण तिचा फोन आला. 'काकू, सरांची चलथाणची वही तुमच्याकडे आहे का?'

काकू म्हणते. ती सेहेचाळीस, मी अठ्ठावन्न.

म्हटलं, शोधते. वही कपाटात आहे, वरच्याच खणात. शोधायचं काही नाही.

१४ जानेवारी, बुधवार

उत्तरायण, इथली संक्रांत. सगळी सोसायटी पतंग घेऊन गच्चीवर. मी खाली, डिक्शनरी घेऊन.

१५ जानेवारी, गुरुवार

मी दहावी. इंग्रजी लग्नानंतर शिकले, ह्यांनी टाकून दिलेल्या मासिकांवरून. ह्यांचा विषय लँडस्केप इकॉलॉजी. कॉलेजात भूगोल शिकवायचे, पण जीव यात. एकदा विचारलं, हे काय असतं? म्हणाले, 'शेत, बांध, नाला, वस्ती – कोण कोणाच्या शेजारी आहे आणि त्यानं काय बदलतं, एवढंच.'

कोण कोणाच्या शेजारी आहे, यावर माझाही अभ्यास कमी नाही. अर्चना आधी ह्यांची विद्यार्थिनी, मग त्याच कॉलेजात नोकरी. शेवटच्या वर्षी ह्यांना चालवेना, तेव्हा दर रविवारी घरी यायची. आणि दर रविवारी मला चलथाण. परत आले की ओट्यावर दोन कप धुऊन पालथे घातलेले असायचे. ह्यांनी जन्मात कप धुतला नाही.

१८ जानेवारी, रविवार

आली. लॅपटॉप घेऊन. ह्यांच्या पलंगाशेजारच्या, तेव्हाच्याच खुर्चीत बसली, न विचारता.

तिचा नवा अभ्यास चालू आहे – आपल्याकडे या विषयावर कोणी, कधी, कशावर लिहिलं. हजाराच्या वर लेख गोळा केलेत. म्हणाली, तिच्या यादीत आधी सगळी जंगलं, मग शहरं, आता उपग्रहाचे फोटो. 'पायी फिरून केलेलं काम कमी कमी होत गेलंय, काकू. उसाच्या बांधावर तर सर सोडून कोणीच नाही.'

मग नकाशा दाखवला. गावांचा नाही, माणसांचा. प्रत्येक लेखक म्हणजे एक ठिपका. दोघांनी मिळून लिहिलं की मध्ये रेघ. जितके लेख, तितकी रेघ जाड.

ह्यांचा ठिपका कडेला, छोटा, हिरवा. एकच रेघ. अर्चनाकडे जाणारी.

मी विचारलं, मराठी लेख? अकरा आहेत. पुरवण्यांत आलेले, शिक्षकांच्या मासिकात आलेले. सगळ्यांची पक्की प्रत मी काढायची, ह्यांचं अक्षर प्रेसवाल्याला लागत नव्हतं म्हणून. ती म्हणाली, 'ते मोजत नाहीत, काकू. फक्त इंग्रजी, आणि ठरावीक नियतकालिकांतले.'

म्हणजे माझ्या हातचे अकरा शून्य, तिच्याबरोबरचे दोन ते दोन.

पण खरी गोष्ट पुढे. तीनपेक्षा कमी लेख असलेली नावं नकाशातून गळणार. नियम सगळ्यांना सारखा. ह्यांचे दोन. 'तिसरा सरांनी जवळजवळ लिहून ठेवलाय, वहीच्या मागे. वही मिळाली तर मी पूर्ण करून पाठवते. या वर्षात आला की सर राहतील.'

वही दिली तर ती रेघ आणखी जाड. नाही दिली तर हे पुसले जाणार.

म्हटलं, अजून सापडली नाही. चहाही विचारला नाही. तीच उठता उठता म्हणाली, 'सर मला मुद्दाम रविवारीच बोलवायचे. म्हणायचे, ही घरी असली की दिवसभर ओट्याशीच उभी राहते. जरा शेतात फिरून येऊ दे.'

हे मला सांगायचं सोडून तिला सांगितलं.

१९ जानेवारी, सोमवार

ती खुर्ची आतल्या खोलीत नेऊन ठेवली.

२४ जानेवारी, शनिवार

वही उघडली. सव्वादोन वर्षांत पहिल्यांदा. पानापानावर तारीख, शेत, झाडं, ऊस. शेवटचा रकाना – निरीक्षक. त्यात प्रत्येक रविवारपुढे ह्यांच्या अक्षरात 'उज्ज्वला'. मी आकडे भरायचे तेव्हा तो रकाना कोरा असायचा, ह्यांनी शेवटी एकदमच सगळीकडे नाव भरलेलं दिसतं. मला ठाऊकच नव्हतं.

मागे तो लेख. इंग्रजी कच्चं, पण मला लागतं. झाडं अठ्ठावन्नवरून कमी होत होत एकेचाळीसवर आली. मग श्रावण सरतानापासून दसऱ्यापर्यंत एकेचाळीसच. सात रविवार, एकही झाड पडलं नाही. ह्यांनी लिहिलंय, बांधावरची झाडतोड थांबली असावी, शेतकऱ्यांना झाडांची किंमत कळू लागली असावी. याच मुद्द्यावर सगळा लेख उभा आहे.

मला आठवतं, ह्यांनी तो आकडा शेजारच्या किरणभाईंनाही सांगितला होता. 'टकी गया, किरणभाई, टकी गया!' टिकली म्हणून इतके खूश. त्याच दिवाळीच्या आधी हे गेले.

वही मिटून पुन्हा वरच्या खणात ठेवली.

२७ जानेवारी, मंगळवार

अर्चनाला फोन केला. सहज विचारल्यासारखं विचारलं, झाडांचे आकडे उपग्रहाच्या फोटोवरून तपासतात का? म्हणाली, 'पावसाळ्यात ढग, त्यात ऊस माणसापेक्षा उंच. बांध दिसतच नाही, काकू. चालणाऱ्याचा आकडाच धरायचा. म्हणून तर वही हवीय.'

म्हणजे कोणालाही कधीच कळणार नाही.

३१ जानेवारी, शनिवार

पहिल्या दिवशी इथे लिहिलं, पिशवी घेतली आणि बाहेर पडले. चलथाणला गेले असं लिहिलं नाही. या पानाशीही मला सरळ बोलता येत नाही.

ते सात रविवार मी गेलेच नाही. बमरोलीला पुष्पाबाईकडे बसले. आमच्या गावची, नवरा मिलमध्ये, ती घरी साड्यांवर टिकल्या चिकटवते. मीही तिच्याबरोबर चिकटवत बसायचे. ती हसायची – 'काय वं, आज बी चलथाणले गई नही? भाऊ ईचारी तं काय सांगशी?' बाराच्या सुमाराला निघायचे आणि सोसायटीच्या कोपऱ्यावर पाणीपुरीच्या बंद गाडीमागे उभी राहायचे. अर्चना कधी बाहेर पडते, कशी दिसते, केस विस्कटलेत का ते बघायला. काही दिसलं नाही. कधी फायलींचा गठ्ठा, कधी ह्यांच्यासाठी आणलेला रिकामा डबा. नळाखाली धुतलेला, ओला. तरी पुढच्या रविवारी पुन्हा.

आकडा मागचाच टाकायचे. कमी लिहिला तर ह्यांनी विचारलं असतं, कोणतं पडलं? कडुनिंब की बाभूळ? कोणत्या शेताचं? म्हणून एकेचाळीस. सातही वेळा.

तीस वर्षं ज्या माणसानं एक आकडा खोटा लिहिला नाही, त्याचा शेवटचा लेख माझ्या मत्सरावर उभा आहे. आणि वही अशीच दिली तर हे राहतात. अर्चनाला कळणार नाही. पुष्पाबाईला इंग्रजी येत नाही.

हे मात्र बांधावरच्या झाडावर हात ठेवून म्हणायचे, 'न बघितलेलं झाड लिहायचं नाही.'

१ फेब्रुवारी, रविवार

सकाळी दहाला अर्चनाकडे गेले. वही उघडून सात पानांवर तिच्यासमोर काट मारली, निरीक्षकाच्या रकान्यातलं माझं नावही खोडलं. तिनं विचारलं, 'काकू, असं का केलंत?' म्हटलं, तू यायचीस म्हणून. मग स्टेशनवर येऊन चलथाणची बस पकडली. सत्तावीस झाडं आहेत.