अर्धी टाकी

९ सप्टेंबर

थांबले, आणि तरी गाडी पुढे गेली!

सिग्नल लाल. ब्रेक वेळेवर दाबला, चाकं थांबली, मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली आणि सवयीने पाय सैल सोडला. तेवढ्यात मागून कुणी ढकलावं तसा अख्खा टँकर पांढरा पट्टा ओलांडून पुढे! मागे कुणीच नव्हतं. मागे होतं ते तेल. टाकी अर्धीच भरलेली. आत आडव्या भिंती नाहीत — खाण्याचं तेल, टाकी आतून धुवावी लागते, भिंती असल्या की कानाकोपऱ्यात जुनं तेल राहून जातं. गाडी थांबली ते तेलाला कुणी कळवलंच नव्हतं. ते आपलं मागून सावकाश चालत आलं आणि पुढच्या भिंतीवर आदळलं.

रस्ता ओलांडणारी एक बाई दचकून मागे सरली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने नुसतं बघितलं.

शेजारी आबा होते. नव्या ड्रायव्हरजवळ सुरुवातीला कंपनी एक जुना ड्रायव्हर बसवते. माझ्या वाट्याला हे आले. मिशीला कलप, खिशात कंगवा, तोंडाला विश्रांती नाही. म्हणाले, "तेलाला राग येतो बाई. अचानक थांबवलं की राग येतो."

कॉलेजच्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं मी जडत्व शिकवलं. ट्रॉलीवर पाण्याचं भांडं ठेवून दाखवायचे, आणि पाणी सांडलं की मुलं हसायची. आज कुणी हसलं नाही.

११ सप्टेंबर

रिकाम्या मैदानात सराव. लांबूनच वेग उतरवत आणायचा. थांबलं की पाय काढायचा नाही. धक्का येऊ द्यायचा, जाऊ द्यायचा, परत येऊ द्यायचा. मग श्वास.

नवे लोक अर्धी टाकी बघून खूश होतात — वजन कमी, गाडी हलकी! मीही झाले होते. भरलेली टाकी मुकाट्याने मागे येते. अर्धी टाकी स्वतःचं डोकं चालवते.

आबांचं रागाचं शास्त्र साफ चुकीचं आहे. तसं त्यांना सांगितलंही. म्हणाले, "असेल. पण तुमच्या शास्त्राने परवा गाडी थांबली नाही ना!" मग स्वतःच्या विनोदावर स्वतःच इतके हसले की कंगवा काढून मिशी नीट करावी लागली.

२० सप्टेंबर

दोन दिवस घरी. सासूबाई शेजारणीला सांगत होत्या, "हिला घरातलं कपाट सरकवता येत नव्हतं, आता घराएवढी गाडी सरकवते!" तक्रार होती की कौतुक, ते शेजारणीलाही कळलं नसावं. मला कळलं.

नवऱ्याने मात्र विचारलं, "मनापासून आवडतंय, की कॉलेजने प्रयोगशाळा बंद केल्याचा सूड आहे हा?" तो कधी असे नेमके प्रश्न विचारतो, की उत्तर द्यायला वेळ लागतो. भाजी चिरता चिरता विचार केला. आवडतंय. उंचावर बसायला आवडतं. एवढं मोठं धूड माझ्या मनगटाने वळतं, ते आवडतं. मी यात चांगली आहे, हेही आवडतं. यात सूड कुठे दिसत नाही. असला तर डिझेलमध्ये मिसळून गेला असेल.

तीन महिने परीक्षेचे. डिसेंबरात मॅनेजर एक तर कायम करतो, नाही तर निरोप देतो. मला ही नोकरी हवी आहे. उगाच आढेवेढे न घेता लिहूनच ठेवते — हवी आहे.

३ ऑक्टोबर

आजपासून एकटी! आबा उतरले. उतरताना सीटवरची त्यांची उशी काढून घेतली. बाकी भावनिक असं काही झालं नाही.

कारखान्याच्या फाटकावर वॉचमन टाचा उंचावून केबिनमध्ये बघायला लागला.

"ड्रायव्हरला पाठवा, सही लागते."

"आलाय ड्रायव्हर."

"कुठाय?"

"तुमच्याशीच बोलतोय."

त्याने दोनदा वर-खाली बघितलं आणि सही घेतली. मग मी गाडी मागे घेऊन नळाला लावेपर्यंत फाटक सोडून उभा राहिला. एका दमात लावली. खाली उतरून मागे बघून आले होते, म्हणून लागली. पण ते त्याला दिसलं नसेल असं मी धरून चालले आहे.

पुढचा सगळा वेळ नुसता वाट बघण्यात गेला. ड्रायव्हरचं अर्धं काम बसून राहण्याचं असतं, हे मुलाखतीत कुणी सांगत नाही.

१८ ऑक्टोबर

आज नाही म्हटलं.

घाटापलीकडे एक छोटा कारखाना आहे. त्यांची साठवणीची टाकी लहान, म्हणून ते नेहमी अर्धाच टँकर मागवतात. कंपनीचा नियम सरळ आहे: नव्या ड्रायव्हरने अर्धी टाकी एकट्याने घाटातून न्यायची नाही, वळसा घालून सपाटीच्या रस्त्याने न्यायची. नियम डेपोतल्या खोलीच्या भिंतीवर लावलेला आहे, आणि त्याच्याच समोर बसून कंट्रोल तो रोज मोडायला लावतो. कंट्रोल म्हणजे गाड्या आणि माणसं लावणारा आमचा साहेब. त्याला सगळे हेच म्हणतात, त्यालाही आवडतं.

"मॅडम, घाटातून काढा. तिकडे काम अडलंय."

"मी नवीन आहे. वळशाने नेते."

"नवीन माणसाने नाही म्हणायचं नसतं, मॅडम. लक्षात राहतं."

खोलीत सगळे होते. टेबलाला टेकून उभी राहिले. नशीब, टेबल होतं. तरी म्हटलं — वळशाने.

मग त्याने माझ्याकडची गाडी काढून पैलवानाला दिली. पैलवान माझ्याच तुकडीतला. आधी व्यायामशाळेत लोकांकडून वजनं उचलून घ्यायचा. जाताना मला डोळा मारला. "ताई, अर्ध्याच तर टाकीचा प्रश्न आहे!"

१९ ऑक्टोबर

पैलवान वेळेआधी पोचला. गाडीवर ओरखडा नाही.

बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. पण त्याच्या खालोखाल एक बारीकसं, लाजिरवाणं — जरा तरी अडखळला असता तर! हे मला लिहायचं नव्हतं. लिहिलं.

२४ ऑक्टोबर

पैलवानाला आज मुदतीआधीच कायम केलं. कंट्रोल सगळ्यांसमोर म्हणाला, "असं असतं बघा, मॅडम." मी अभिनंदन केलं. हात घट्ट दाबला. त्याचा हात गार होता.

२ नोव्हेंबर

आबांना गाठलं. म्हटलं, मला अर्धी टाकी घेऊन घाटातून जायचंय. तुम्ही शेजारी बसा. शेजारी जुना माणूस असला की नियम मोडत नाही.

"का? त्या दिवशी तर ठाम नाही म्हणालात. मला सगळं कळतं, मी डेपोत नसलो तरी."

"मला येतं की नाही, ते मला कळायला हवं."

"आणि नाही आलं तर?"

"तर तुम्ही आहात."

"म्हणजे मरायला मी!" असं म्हणाले, पण खूश झाले. कंगवा निघाला.

९ नोव्हेंबर

घाट!

माथ्यावरच गिअर उतरवला, खाली आल्यावर नाही. ब्रेक वळणाच्या आधी. वळणात पाय बाजूला. वळणावर तेल टाकीच्या भिंतीवर चढतं आणि गाडी बाहेरच्या अंगाला ओढायला बघते. ते स्टिअरिंगमध्ये कळत नाही, बसल्या जागी कळतं, कमरेत. पहिल्या काही वळणांवर मी गाडी चालवत होते. मग कधीतरी तेल चालवायला लागले. म्हणजे ते पुढे कधी येणार, हे आधी कळायला लागलं, आणि मी त्याला जागा करून द्यायला लागले.

एका वळणापलीकडे बस बंद पडलेली. माणसं रस्त्यावरच उतरलेली, पोरं, सामान, एक आजोबा तर मधोमध घडीच्या खुर्चीवर! अंतर पुरेसं होतं, कारण वेग पुरेसा कमी होता. उतरवत आणला, थांबले, पाय ठेवला. तेल आलं — धप्प. गेलं. परत आलं. गाडी तसूभर हलली नाही. आजोबांनी मानही वर केली नाही.

आबा घाट संपेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं घाबरले. बघितलं तर झोपलेले!

१० नोव्हेंबर

मला येतं. काल दिवसभर हवेत होते.

पण मग त्या दिवशी नाही का म्हटलं? नियम होता म्हणून — असं मी सगळ्यांना सांगितलं, नवऱ्यालासुद्धा. खरं सांगायचं तर घाबरले होते, आणि हाताशी नियम होता. नियम नसता तर गेले असते का? कदाचित गेले असते. लोकांसमोर भित्री ठरण्याची भीती मोठी ठरली असती. म्हणजे एका भीतीऐवजी दुसरी.

मुलांच्या वहीत असं काही आलं की मी लिहायचे — उत्तर बरोबर, रीत चूक. आणि अर्धेच गुण द्यायचे. स्वतःला पूर्ण द्यायचं काही कारण दिसत नाही.

नवऱ्याला फोनवर हे सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "जेवलीस का?" सासूबाई मागून ओरडल्या, "तिला म्हणावं, घाबरणारा ड्रायव्हर बरा, माझ्या बहिणीचा जावई घाबरत नव्हता!" त्या जावयाचं काय झालं ते सगळ्या घराला माहीत आहे.

२७ नोव्हेंबर

टाकी धुण्याच्या जागी पैलवान भेटला. दोघांच्या गाड्या रांगेत. बराच वेळ व्यायामशाळेच्या गप्पा मारल्या, कुणी किती उचललं वगैरे. मग मध्येच म्हणाला, "ताई, त्या दिवशी घाटात एका वळणावर गाडी माझ्या हातात नव्हती."

मी पाण्याची बाटली त्याच्यापुढे धरली.

"कठड्याला लागायच्या आत तेल उलटं फिरलं, म्हणून वाचलो. मी काही केलं नाही. नुसता धरून बसलो होतो. बायकोला सांगितलेलं नाही."

"नंतर गेलास परत?"

"तीनदा. कायम केल्यावर कुठल्या तोंडाने नाही म्हणणार? ज्यासाठी शाबासकी मिळाली तेच येत नाही, असं सांगू?"

त्याला म्हटलं, आबांना घेऊन जा एकदा. "बघू," म्हणाला. तेवढ्यात त्याचा नंबर आला. गाडी पुढे घेताना नेहमीसारखा डोळा मारायला गेला. अर्ध्यात सोडून दिला.

आणि मी १९ ऑक्टोबरला काय लिहिलं होतं! ते पान खोडणार नाही.

८ डिसेंबर

कायम!!

मॅनेजर म्हणाले, "कंट्रोलचं म्हणणं, तुम्ही हट्टी आहात. आबांचं म्हणणं, तुमच्या शेजारी त्यांना झोप लागली. मी आबांचं धरलं." मग उठून हात मिळवला. "आता नव्या लोकांचा नियम तुम्हाला नाही. अर्धी टाकी, घाट, सगळं आलं."

लेकीने फोनवर किंचाळून कान बधिर केला. सासूबाईंनी विचारलं, आता तरी कंपनी गाडीत पडदे लावून देणार का?

९ डिसेंबर

पडदे मीच लावले. निळे.

१५ डिसेंबर

धुकं. खोलीच्या खिडकीतून समोर उभ्या गाड्यांचे दिवेही दिसेनात. कंट्रोलने टेबलावरून किल्ली माझ्याकडे सरकवली. अर्धी टाकी, घाट, लगेच. म्हणाला, "आता तो नियम तुम्हाला नाही, मॅडम."

खरंच नव्हता. आणि घाट मला येतो.

मी म्हटलं, "धुकं उठलं की नेते. त्याआधी नाही." या वेळी कुठे टेकले नव्हते.

"कायम केलंय ते परतही घेता येतं."

"घ्या."

जाऊन बाकावर बसले. त्याने तीच किल्ली पैलवानापुढे सरकवली. पैलवानाने किल्लीकडे बघितलं. खिडकीकडे बघितलं. मग किल्ली तिथेच ठेवून बाकापाशी आला.

"सरका जरा, ताई."