एका घरात कान किती?

४ मार्च, मंगळवार

प्रार्थना अर्ध्यात बंद पडली! ‘हे दयाघना’ म्हणून श्वास घेतला आणि पेटीचा दिवा लाल. ऐकणाऱ्यांना वाटलं असेल, दयाघनाने माझा गळाच धरला.

पेटी म्हणजे लेकीने स्वयंपाकघरातल्या फळीवर बसवून दिलेला छोटा संगणक. त्याच्यासमोर मी रोज पहाटे वाचते. ज्याला हवं त्याने आपापल्या घरी फोनवर ऐकावं. वर्गणी नाही, काही नाही. देवाची जाहिरात मी फुकट चालवते, तर त्याने निदान दिवा तरी हिरवा ठेवावा की नाही?

दुपारी लेकीला फोन केला. ती परगावी एका कंपनीच्या संगणकांची राखण करते. म्हणाली, “आई, तुझं दार सताड उघडं आहे. जगभरचे टवाळ येऊन कड्या वाजवतायत. त्यांनीच जागा अडवली, खरे ऐकणारे बाहेर!”

“मग?”

“फायरवॉल घालायची. मी सांगते, तू टाईप कर.”

हे पेपराआडून म्हणाले, “देवाच्या दाराला कडी? वा!” त्यांना चहा अर्धाच कप दिला.

५ मार्च, बुधवार

फायरवॉल म्हणजे नुसती नियमांची उतरंड. पेटी ती वरून खाली वाचते. जो नियम आधी लागू पडला तो खरा, खालच्यांना कोण विचारतंय! सासरी हीच पद्धत होती, मला शिकायला वेळ लागला नाही.

पहिला नियम — ज्याच्याशी बोलणं आधीच चालू आहे, त्याला अडवायचं नाही. पेटी लक्षात ठेवते म्हणे, कोणाशी काय चालू आहे ते. (ह्यांना मी काय आणायला सांगितलं तेवढंही लक्षात राहत नाही.) मग प्रार्थनेचं दार उघडं. मग लेकीला दुरून आत यायचं दार. आणि सगळ्यांत शेवटी — बाकी सर्वांना मनाई.

मला वाटलं, मनाई आधी. आधी कडी लावावी, मग ओळखीच्यांना फटीतून पाहून घ्यावं. लेक तेव्हा दुरून त्याच पेटीत शिरून माझी चूक-बरोबर बघत होती. मी मनाई सगळ्यांत वर लिहिली आणि बटण दाबलं.

फोनवर किंचाळी! “आई! मलाच हाकललंस!”

“तू पण सर्वांतच आलीस की.”

“अगं, वर मनाई आली की खालचे नियम वाचतंच कोण? आता इथून काही होत नाही. फळीपाशी जा, तूच खोड ते!”

खोडलं. परत लिहिलं. पोटच्या पोरीला बाहेर ठेवून तासभर देवाचं दार उघड-मीट करत बसले. पोळ्या करपल्या त्या ह्यांच्या ताटात.

६ मार्च, गुरुवार

आजचा धडा — मर्यादा. एकाच पत्त्यावरून एका वेळी किती जोडण्या आत येऊ द्यायच्या. नाहीतर एकच टवाळ शंभर हातांनी कडी वाजवतो. लेक म्हणाली, “पन्नास टाक.”

पन्नास! एका घरात कान किती? नवरा, बायको, फार तर सासू. नवरा तर ऐकतच नाही. मी तीन टाकले. ती घाईत होती, सांगायचं राहिलं. म्हणजे, राहू दिलं.

९ मार्च, रविवार

काय सुरेख चाललीय! एकदाही अडखळली नाही.

नाकारलेल्यांची नोंद पडद्यावर दिसते. चहाबरोबर ती वाचायची मला चटक लागलीय. त्यात एक महाभाग आहे — पहाट झाली की एकाच पत्त्यावरून तिघे आत आणि मागून नुसती चेंगराचेंगरी. नाकारलं की परत, नाकारलं की परत! आज त्या पत्त्यालाच कायमची मनाई केली. सगळ्यांत वर नियम, आता वर लिहिलेल्याचा मान कळलाय मला. मेल्या, बस आता बाहेर! देवाचं नाव घेऊन बटण दाबलं.

१० मार्च, सोमवार

जाऊबाईंचा फोन नाही! नवलच.

थोरल्या जाऊबाई. ओट्यावरून आमचं वाजलं, त्या तडकाफडकी वृद्धाश्रमात गेल्या, आणि मी ‘थांबा’ म्हटलं नाही. पुढे त्यांची नजर गेली. वाचता येत नाही, टीव्ही दिसत नाही. ह्या घरातलं त्यांच्यापर्यंत पोचतं ते एवढंच, माझं पहाटेचं वाचन. ते संपलं की रोज फोन. “तिसऱ्या ओळीत गडबडलीस. देव काय बहिरा आहे?” खट्कन ठेवून देणार. बाकी बोलणं नाही. मी तिकडे जात नाही, त्या ‘ये’ म्हणत नाहीत.

आज शांतता. देवाची कृपा!

१३ मार्च, गुरुवार

अजून नाही. हे म्हणाले, “वहिनींचा फोन नाही आला?”

“माझ्या चुका संपल्या असतील.”

“मग बऱ्या आहेत ना त्या?”

मी आपण होऊन फोन करणार नाही. थोरल्या त्या आहेत.

१४ मार्च, शुक्रवार

दोनदा नंबर काढला. ठेवला.

१८ मार्च, मंगळवार

आश्रमातल्या नर्सबाईंचा फोन. मनात आलं — झालं, जाऊबाई गेल्या.

“वाचन बंद केलंत का हो? आमच्याकडे कोणालाच लागत नाही. आधी निदान तिघांना तरी लागायचं. सगळे त्या तिघांच्या फोनभोवती गोळा होऊन ऐकायचे. मग तेही बंद पडलं.”

“तुमच्याकडे सगळ्यांना मिळून एकच वायफाय?”

“मग काय खोलीखोलीत वेगळं देणार?”

लेकीला विचारलं. ती म्हणाली, “आई, अख्खा आश्रम बाहेर एकाच पत्त्याने दिसतो. किती टाकले होतेस तू?”

सांगितलं.

“तीन! आणि वर त्यांना कायमचं बंद?”

तो महाभाग म्हणजे आश्रम. ती चेंगराचेंगरी म्हणजे काठ्या टेकत उठलेल्या म्हाताऱ्या. आणि कडी वाजवणाऱ्यांत माझी आंधळी जाऊ. मी तिला मेल्या म्हटलं, आणि वर देवाचं नाव घेतलं! देवा, तू तरी हात धरायचास. तुझी नोंद कोण बघतं?

१९ मार्च, बुधवार

ती मनाई खोडली. मर्यादा पन्नास. लेकीकडून दोनदा तपासून घेतली. नर्सबाईंना निरोप दिला, उद्यापासून लागेल.

२० मार्च, गुरुवार

आश्रमातून कोणी आलं नाही. एकसुद्धा नाही. नोंदीत तो पत्ताच नाही, नाकारलेल्यांतही नाही. दार उघडून मी आपली वाचतेय.

रुसल्या असतील तर बरोबरच आहे. पण सगळ्या?

२१ मार्च, शुक्रवार

न राहवून मीच फोन केला. थोरल्या-धाकट्याचं गेलं खड्ड्यात.

“जाऊबाई, लागत नाही का अजून?”

“बघितलंच नाही. तुझं बंद पडलं, सगळ्याजणी हिरमुसून बसल्या. म्हटलं, पाठ आहे की मला. आता रोज हॉलमध्ये जमतो. मी म्हणते, त्या मागून म्हणतात. पेटीची गरज नाही राहिली.”

मनात आलं, बरं झालं, आणि त्याच वेळी डोळे भरले.

“पण ओरडून ओरडून घसा बसलाय माझा. ऐकतेस ना? उद्या म्हणवणार नाही. तुझा घसा कसा आहे?”

“बरा आहे.”

“मग ये.”

२२ मार्च, शनिवार

पहिल्या बसने निघते आहे. पेटी बंद केली.

हे म्हणाले, “आणि बाकीचे ऐकणारे?”

झोपू देत की जरा!