पाठीचं काही विशेष नाही

५ जून
पाठ दुखतेय. कारण सापडलं : ब्रेकबाई. ही माझी नवी विद्यार्थिनी. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये उभी हयात गेली, पण लांबवर कबुतर दिसलं म्हणून असा ब्रेक मारणारं माणूस पाहिलं नव्हतं. कॅन्सरचा इथे काही संबंध नाही. तो बिचारा रोजच्या गोळ्या आणि महिन्याच्या इंजेक्शनवर चार वर्षं गुपचूप पडून आहे. उगाच त्याचं नाव कशाला घ्या!
संकल्प : पुढच्या तपासणीआधी पाठ स्वतः बरी करायची. डॉक्टरांना सांगायचं नाही. त्यांना आधीच खूप व्याप.

८ जून
दोष गादीचा. रात्री जमिनीवर झोपलो. पाठीला कडक जागा लागते, हे शास्त्र आहे. सकाळी उठता येईना. हाक मारायची नाही असं ठरवलं होतं, म्हणून नुसता खोकलो. बायको आणि मुलगी धावत आल्या. दोघींनी सतरंजीसकट ओढत सोफ्यापर्यंत नेलं. मुलगी हसून हसून खाली बसली. बायको हसली नाही. तिला विनोदबुद्धी कमीच.

११ जून
कमरेचा पट्टा आणला. विलक्षण फरक! एकदम ताठ. फक्त मागे वळता येत नाही. ब्रेकबाईंना रिव्हर्स शिकवताना आरशात बघा म्हटलं आणि मागची बाजू देवावर सोडली. कचऱ्याचा डबा आडवा. बाई म्हणाल्या, "सर, तुमच्या बाजूलाही ब्रेक आहे ना?" आहे. पण पाय उचलला की पाठीत कळ येते, हे विद्यार्थ्यांना सांगतात का? म्हटलं, माणूस चुकांतूनच शिकतो.

१४ जून
पट्टा घालून जेवण जात नाही. पट्टा रद्द.
हिने विचारलं, दुखतंय का? म्हटलं, छे! मग बूट का घालत नाही? म्हटलं, पाय मोकळे बरे. त्यावर ही खाली बसली, माझ्या पायात बूट घातले, लेस बांधली. त्यापेक्षा मला भांडणारी बायको परवडते.

१७ जून
नवीन काही दुखलं तर लगेच कळवा, असं डॉक्टर सुरुवातीलाच म्हणाल्या होत्या. पण ‘नवीन’ म्हणजे काय? पाठ जुनीच आहे.
आज मुलीला पाण्याचा मेन कॉक कुठे, फ्यूज कसा बदलायचा, टायरमध्ये हवा किती, सगळं दाखवलं. सहज. तिने विचारलं, बाबा, आत्ताच का? म्हटलं, सुट्टी आहे म्हणून. ती बाथरूममध्ये गेली आणि बराच वेळ नळ सोडून बसली. पाण्याची किंमत नाही या पिढीला.

२१ जून
तपासणी. डॉक्टरांनी विचारलं, काही त्रास? मी ‘मजेत’ म्हणायच्या आत ही बोलली, "पाठ! अंथरुणातून ओढून काढावं लागतंय." घरभेदी! डॉक्टरांनी चष्मा काढला. आधी का नाही सांगितलंत? मी ब्रेकबाईंवर सविस्तर प्रकाश टाकला. त्यांनी ऐकून घेतलं आणि स्कॅन लिहून दिला.
स्कॅनची भीती मुळीच नाही. शर्टाची बटणं एक घर चुकून लागली, ती घाईमुळे.

२४ जून
रिपोर्ट. वाईट बातमी ऐकल्यावर बोलायला दोन धीरोदात्त वाक्यं तयार ठेवली होती. फुकट गेली. आजार पसरलेला नाही. इंजेक्शनांमुळे हाडं जरा विरळ झालीत आणि बसून बसून पाठीचे स्नायू सुस्त. डॉक्टर म्हणाल्या, पुन्हा असं लपवलंत तर बघा. औषध आणि फिजिओथेरपी.
बाहेर बाकावर ही रडायला लागली. मी समजावलं की मला पहिल्यापासून माहीत होतं. तिने दंडाला असा चिमटा काढला की जागा निळी पडली आहे.

२६ जून
फिजिओथेरपी. महिन्याचा कोर्स आठवड्यात उरकायचा, हे जातानाच ठरवलं. फिजिओथेरपिस्ट माझ्या मुलीच्या वयाची. तिने उताणं झोपवलं, गुडघ्यांखाली उशी दिली. म्हणाली, काका, आधी नुसता सावकाश श्वास घ्या, मग व्यायाम. घेतला.
डोळे उघडले तेव्हा अंगावर चादर होती, शेजारी स्टुलावर ही. व्यायाम झालाच नाही म्हणे. ती मुलगी उठवायला आली होती, पण हिनेच अडवलं : "राहू द्या हो. कितीतरी दिवसांनी न कण्हता झोपलेत."
घोरत होतो, असंही कळलं. साफ खोटं. मी श्वास घेत होतो.