हाडाला काम

बाबा, काल टीव्हीवर अंतराळातून परतलेली माणसं दाखवत होते. कित्येक महिने वर राहून आलेली, चांगली धडधाकट, पण त्यांना यानातून उचलून बाहेर काढलं आणि खुर्चीत बसवलं. नात म्हणाली, एवढे मोठे आणि चालता येत नाही? मी हाडांची डॉक्टर, जन्मभर हेच शिकवलं. तिला सांगितलं, वर अंगाला वजन नाही, हाडाला काम उरत नाही, म्हणून ते झिजतं. रक्त वर चढवायला मेहनत कमी लागते, म्हणून हृदयही आळशी होतं. तिला पटलं. पण हे मला कॉलेजात नाही, अमरावतीच्या आपल्या अंगणात कळलं, ते सांगत बसले असते तर जेवण राहिलं असतं.

मी अकरा-बारा वर्षांची, अकोल्याला मामाकडे चिंचेवरून पडले आणि मांडीचं हाड मोडलं. प्लास्टर निघालं तेव्हा अकोल्याचे डॉक्टर म्हणाले, आता रोज थोडं उभं करा हिला. पण करतो कोण? आई मला पाण्याचा पेलासुद्धा उचलू देत नव्हती. आणि तुम्ही, शाळेतले विज्ञानाचे मास्तर, ज्यांना पाहून पोरं रस्ता बदलायची, ते सकाळ-संध्याकाळ मला उचलून कडुलिंबाखालच्या खाटेवर नेऊन ठेवायचे. अख्खी गल्ली बघायची. पाय तर पार काडी होऊन गेला होता. पुन्हा दाखवायला गेलो तेव्हा डॉक्टर चिडले, असंच ठेवाल तर पोरगी कायमची लंगडी होईल. तुम्ही "हो, हो" म्हणालात आणि मला उचलूनच बाहेर आणलंत. लाडानं पोर पांगळं करायची आपल्या घराची ही पद्धतच होती म्हणा ना.

मग त्या उन्हाळ्यात पेपरात आलं, रशियाचा माणूस पृथ्वीला फेरी मारून आला. तुम्ही मोठ्यानं वाचत होता, आवाजात नुसता आनंद. मी म्हटलं, "बाबा, तो वर तरंगून राहिला अन् मी खाटेवर. दोघायलेही जमीन नाही." तुम्ही हसलात, आणि वाचायचे थांबलात. माझ्या पायाकडे बघत राहिलात.

"काहून व, त्याले तिथं चार-सहा महिने ठेवलं तर? हाडाले कामच नाही राहिलं तर तो खाली आल्यावर उभा कसा राहीन?" तुम्ही मला विचारलंत.

 मग पेपर ठेवून तुम्ही मला नेहमीसारखं उचललंत, अंगणात नेलंत, आणि खाटेवर न ठेवता पायांवर उभं केलंत. दोन पावलं मागे सरून हात पाठीशी बांधले. माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली, छाती धडधडायला लागली आणि मी खाली बसले ती मातीतच, रडत. आई स्वयंपाकघरातून धावत आली. "जीव घेता का पोरीचा?"

"हात नोको लावू तिले," तुम्ही म्हणालात. चेहरा पांढरा पडला होता तुमचा. "उद्या पुन्हा."

उद्या पुन्हा आणि परवा पुन्हा. शाळा सुरू झाली तेव्हा मी फाटकातून माझ्या पायांनी आत गेले. तुम्ही पुढे चालत होता, मागे वळून पाहिलं नाहीत, पण मास्तरांच्या खोलीत ज्याला त्याला सांगत सुटलात म्हणे. आज मी रुग्णांच्या नातेवाईकांना सांगते, हात मागे घ्या. ते मला दगडाच्या काळजाची म्हणतात. म्हणोत. तो दगड उचलायला किती ताकद लागते ते मी पाहिलं आहे, आणि तुमचा मला फार फार अभिमान वाटतो, बाबा.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार, ते राहू द्या. एकच सांगते. त्या दिवशी मातीत बसून मी रडले ते लागलं म्हणून, असं आई शेवटपर्यंत समजत होती. लागलं नव्हतं. मी चालायला लागले की तुम्ही मला पुन्हा कधी उचलणार नाही, एवढं मला तेव्हाच कळलं होतं.