खाट क्रमांक सात काढून टाकण्याबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
सार्वजनिक रुग्णालय.

विषय : स्त्री वॉर्डातील खाट क्र. ७ कायमची काढून खाटांची संख्या बारावरून अकरा करणेबाबत.

संदर्भ : १) वॉर्डाच्या फळ्यावरील सूचना क्र. ३.
२) अर्जदाराचा यापूर्वीचा अर्ज (पंखा आवाज करतो). त्यावर तत्परतेने कार्यवाही झाली, त्याबद्दल आभार.

महोदय,

१. अर्जदार निवृत्त प्राध्यापक असून त्याने एकतीस वर्षे बीजगणित शिकविले. पक्षाघाताने वाचा गेल्यामुळे त्याची पत्नी आपल्या वॉर्डात खाट क्र. ७ वर एकसष्ट दिवस होती. गेल्या गुरुवारी ती वारली. येत्या शुक्रवारी त्या खाटेवर नवीन पेशंट येणार असल्याचे सिस्टरांकडून समजले, म्हणून हा अर्ज घाईने केला आहे.

२. वॉर्डात बारा खाटा गोलाकार मांडल्या आहेत. स्पीच थेरपिस्ट बाई रोज दुपारी तीनला येतात आणि वेळेअभावी एकाच पेशंटला बोलायला शिकवतात. कोणावर अन्याय नको म्हणून सूचना क्र. ३ अशी आहे, की कालच्या खाटेत चार मिळवून येईल ती खाट आज घ्यावी. बाई पहिल्या खाटेपासून निघाल्या. मग पाच, मग नऊ, मग पुन्हा एक. एकसष्ट दिवस हेच चालले आणि सातवर त्या कधीच आल्या नाहीत. बाकीचे पेशंट पंधरवड्यात घरी जात, त्यामुळे कोणाच्या लक्षात आले नाही. हिच्या आले असेल, पण हिला बोलता येत नव्हते.

३. बाईंविरुद्ध तक्रार नाही. त्यांच्याकडे आणखी तीन वॉर्ड आहेत. वहीतला कालचा आकडा पाहून चार मिळवायचे, हे त्यांनी बिनचूक केले. घोळ बाराचा आहे. घड्याळात असते तसे या गोलात बारा म्हणजे शून्य. चार शून्य नाही, तीनही शून्य नाही, तरी चार त्रिक बारा, म्हणजे शून्य; तीन दिवसांत बाई निघाल्या त्याच खाटेवर परत. अशा आकड्यांना शून्यभाजक म्हणतात. बाईंचे कष्ट शून्य नव्हते, हिचे वाट पाहणेही शून्य नव्हते, गुणाकार मात्र शून्य आला. अकराच्या गोलात असा एकही आकडा नसतो. अशा निर्धोक संख्याजगतास पूर्णांकी प्रांत म्हणतात. मुले विचारत, सर, याचा उपयोग काय? अर्जदार सांगे, परीक्षेत चार मार्कांना येते.

४. अर्जदार रोज चारला भेटीस येई आणि त्याच फळ्याखाली स्टूल ओढून बसे. सूचना त्याने एकसष्ट वेळा वाचली. धीर धर गं, उद्या येईल तुझा नंबर, असे तो हिला सांगत राहिला. ही नेहमी केस विंचरून बसलेली असे. अर्जदारास वाटे, ते आपल्यासाठी. वॉर्डातल्या मावशींनी परवा सामान बांधून देताना सांगितले, की ही रोज पावणेतीनलाच खुणेने कंगवा मागून घ्यायची. हिला काय बोलायचे होते, ते आता कळण्याचा मार्ग नाही.

५. येथवर पक्का मसुदा झाल्यावर अर्जदाराने सवयीने ताळा करून पाहिला. खाट काढायची गरज नाही, असे निघाले. फळ्यावर चारच्या जागी पाच केले, तरी बाराही खाटांचा नंबर लागतो, कारण बाराच्या गोलात पाच हा शून्यभाजक नाही. पाचाने मोजले असते, तर हिचा नंबर सातव्याच दिवशी आला असता. अकराचे गणित खोटे नाही. पण ते धरून बसण्याचे खरे कारण एवढेच, की त्या खाटेवर दुसरे कोणी झोपलेले अर्जदारास बघवणार नाही. असे कारण अर्जात चालत नाही, याची त्याला जाणीव आहे.

सबब विषयात नमूद केलेली विनंती अर्जदार मागे घेत आहे. खाट राहू द्यावी. फळ्यावर पाच करावेत. आणि शुक्रवारी बाईंनी सातपासून सुरुवात करावी.

आपला नम्र,
(सही)
खाट क्र. ७ चे यजमान
दिनांक : १४, बुधवार

सोबत :
१) बारा व अकरा खाटांच्या आकृत्या (आता अनावश्यक).
२) सामानात चुकून आलेला उशीचा अभ्रा, धुतलेला.
३) खडू, एक.