सरांचा नॉर्मल गुडघा

३ मार्च, मंगळवार

परीक्षा चौदाला! गुडघ्याची सोनोग्राफी, प्रत्यक्ष, बाहेरच्या परीक्षकांसमोर. यंदाही नापास झाले तर परत एक्स-रेच्या खोलीत — श्वास घ्या, सोडा, पुढचा — थेट निवृत्तीपर्यंत. सोळा वर्षं तेच म्हणतेय. तोंडाला फेस आलाय.

गेल्या वर्षीचं लिहूनच टाकते, म्हणजे डोक्यातून जाईल. मांडीचा स्नायू गुडघ्याच्या वाटीला बांधणारी एक दोरी असते. प्रोब, म्हणजे मशीनचा अंगावर फिरवायचा दांडा, जरा तिरका धरला की चांगली धडधाकट दोरीही पडद्यावर काळी दिसते. हे पहिल्याच दिवशी शिकवतात. मी तिरका धरला, काळं दिसलं आणि ठोकून दिलं — दोरी फाटलीय. गुडघा कुणाचा? मोठ्या सरांचा, विभागप्रमुखांचा! दर परीक्षेला नमुन्याचा नॉर्मल गुडघा म्हणून सर स्वतःचा डावा गुडघा देतात. बावीस वर्षं. फाटक्या दोरीचे सर लगेच दोन-दोन पायऱ्या चढत वर गेले आणि वरून मला हात केला. सगळा विभाग हसला.

५ मार्च, गुरुवार

जुनं छोटं मशीन घरी न्यायची परवानगी मिळाली. नवऱ्याला आडवा केला, गुडघ्याखाली उशी, वर जेल. गार आहे म्हणाला आणि घोरायला लागला. पेशंट म्हणून उत्तम. नवरा म्हणून नेहमीसारखाच.

७ मार्च, शनिवार

सासूबाईंचा नंबर. एकच गुडघा मागितला होता. त्यांनी दोन्ही पुढे केले, मग कोपरही. उजव्या गुडघ्यात दोरीच्या खाली काळी पट्टी. यावेळी घाई केली नाही. प्रोब इकडे कलवला, तिकडे कलवला. तिरकेपणाचं काळं असेल तर कलवल्यावर जातं. पाण्याचं काळं जात नाही, बाजूने दाबलं की सरकतं. सरकलं! मी ओरडलेच.

"माझ्या गुडघ्यात पाणी झालंय आणि तू नाचतेस?" सासूबाई म्हणाल्या. मुद्दा बरोबर होता. संध्याकाळपर्यंत त्यांनी तीन नातेवाइकांना फोन करून सांगितलं — सुनेने शोधून काढलं म्हणून. कौतुक होतं की गाऱ्हाणं, कळलं नाही.

१० मार्च, मंगळवार

माझ्याबरोबर परीक्षेला पोपट आहे. पुस्तक तोंडपाठ, म्हणून पोपट. त्याचा सल्ला — गुडघा सरांचा आहे, नॉर्मल लिहायचं आणि घरी जायचं, बघायचं कशाला? खरं सांगायचं तर मला पटलं. तीन अक्षरं तर लिहायचीत.

१३ मार्च, शुक्रवार

उद्या परीक्षा. नवरा म्हणाला खाऊन घे. खाल्लं. परीक्षा उद्याच.

१४ मार्च, शनिवार

पोपट चार मिनिटांत बाहेर आला, भांग पाडत. मग मी.

सर पलंगावर. पँट मांडीपर्यंत गुंडाळलेली, हातात वर्तमानपत्र. प्रोब ठेवला. दोरीखाली काळी पट्टी. देवा, परत? कलवला. काळं. दुसरीकडे कलवला. काळंच! बाजूने दाबलं — सरकलं.

वर्तमानपत्राआडून सरांनी विचारलं, यंदा दोरी शाबूत आहे ना? परीक्षक हसले. मीही हसले, लोचटासारखी. कागदावर "नॉ" लिहून झालं होतं. मग सासूबाईंचा गुडघा आठवला आणि स्वतःचाच राग आला. त्यांच्या गुडघ्यात जे पाणी, ते सरांच्या गुडघ्यात नॉर्मल कसं? खोडलं. लिहिलं — वाटीच्या वर पाणी, बऱ्यापैकी.

परीक्षकांनी वाचलं. हसू गेलं. स्वतः प्रोब घेतला आणि बराच वेळ बघत राहिले. सरांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "हात तिरका असेल तिचा," म्हणाले. परीक्षकांनी प्रोब पुन्हा कलवला. मी जेल पुसून बाहेर आले.

१५ मार्च, रविवार

भांडी दोनदा घासली. एक्स-रेच्या खोलीतला पंखा तरी दुरुस्त झाला असेल का?

१६ मार्च, सोमवार

पास!! पोपट नापास. त्याच्यासमोर उदास चेहरा ठेवणं फार अवघड गेलं. सासूबाईंनी पुन्हा तिन्ही नातेवाइकांना फोन केले. श्रेय त्यांच्या गुडघ्याला!

सर दिवसभर दिसले नाहीत.

१७ मार्च, मंगळवार

सरांनी बोलावलं. भांडायची सगळी तयारी करून गेले. पडद्यावर माझ्या परीक्षेचं चित्र लावलेलं. रविवारी त्यांनी स्वतःचा गुडघा स्वतःच तीनदा तपासला म्हणे. कुठंय पाणी, दाखव. मी बोट ठेवलं. परत दाखव. परत ठेवलं. तिसऱ्यांदा तर नाक पडद्याला टेकेपर्यंत वाकले. मग जा म्हणाले, बस्स.

हट्टी म्हातारा! सुनेच्या वयाच्या बाईने चूक काढलेली पचत नाही. बाहेर येऊन पोपटला नाक टेकल्याची नक्कल करून दाखवली. तोही हसला, बिचारा.

१८ मार्च, बुधवार

सरांनी सकाळी परत बोलावून दार लावून घेतलं. "काल तू बोट ठेवलंस ना, तिथं मला काळं दिसलंच नाही गं. संध्याकाळी डोळे दाखवून आलो. गेलं वर्षभर तरी नजर अशीच असणार, डॉक्टर म्हणतात." कालची नक्कल आठवून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी स्वतःच्या सहीचे वर्षभराचे रिपोर्ट माझ्यापुढे ठेवले, चित्रं उघडायला सांगितली आणि शेजारी खुर्ची ओढून बसले.

पहिलाच एका बाईंचा उजवा गुडघा. सरांनी लिहिलेलं, नॉर्मल. चित्रात दोरी काळी, फाटल्यासारखी. पण चित्रावर प्रोब कलवून बघता येत नाही. त्या बाईंना फोन लावला, परत तपासायला या म्हणून.