गाडी न थांबलेलं स्टेशन

ती. मामांना,

साष्टांग नमस्कार. (गुडघ्यामुळे तो सध्या कागदावरच घालता येतो. भेटलो की खुर्चीतून घालीन, गोड मानून घ्या.) मामींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झाल्याचं कळलं. त्यांना आता सगळं स्वच्छ दिसतं, ते तुम्हाला कितपत मानवतंय ते कळवा. इकडे ठीक आहे. आईचा खोकला गेला, राग आहे.

तुम्ही आणि आईनं एकमेकांशी बोलणं टाकल्यापासून या घरात मधल्यामध्ये माझं भरीत झालंय. भांडण तुमचं, पायपीट माझी. म्हणून ते कशावरून झालं हे एकदा कागदावर मांडतो, म्हणजे कुणी नंतर शब्द फिरवायला नको. तुम्ही फोनवर सहज म्हणालात, ताई सासरी निघाली त्या दिवशी मी कालव्याकडच्या स्टेशनात उभा राहून रुमाल हलवत होतो. आई म्हणाली, स्टेशन कापडगिरणीजवळ होतं, कालव्याकडे नुसतं गवत होतं, आणि तू आलाच नव्हतास, तापानं फणफणून घरी पडला होतास. तुम्ही म्हणालात, गाडी माझ्या डोळ्यांदेखत गेली, थांबली नाही, नुसती हळू झाली. आई म्हणाली, थांबलीच नाही तर मी काय चालत्या गाडीत उडी मारून सासरी गेले? त्यावर तुम्ही फोन ठेवलात. (तुमच्या मते लाइन तुटली. आईच्या मते लाइनीला तुमच्यापेक्षा जास्त लाज आहे.) तेव्हापासून दर रविवारी, तुमच्या फोनच्या वेळेला, ती फोनशेजारच्या खुर्चीत मासिक घेऊन बसते. मी विचारलं तर म्हणते, इथे उजेड चांगला येतो. त्या कोपऱ्यात उजेड कधीच येत नाही, मामा.

तेव्हा स्टेशन नक्की कुठे होतं हे शोधायचं माझ्यावर आलं. गावातून रेल्वे उठली तेव्हा मी पाळण्यात होतो, तेही आईच्या सासरी; तुमच्या या गावात आलो तो नोकरीनं. रूळ उचलले, इमारती विकल्या, आणि जो तो आपापल्या उद्योगाला लागला. मी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला हे आईला या कामी पुरेसं वाटलं. आता रोज जेवताना ऐकवते, जगभरच्या नद्या पोरांकडून घोकून घेतल्यास, गावातलं एक स्टेशन सापडेना तुला.

मी सोप्या बाजूनं सुरुवात केली, म्हणजे स्टेशन रोडनं. स्टेशन रोड स्टेशनाकडे जात असणार, असं कुणालाही वाटेल. तो भाजी मंडईत जाऊन संपतो. नगरपालिकेत चौकशी केली तेव्हा तिथल्या गृहस्थांनी मला खुर्ची दिली, पंखा लावला आणि शांतपणे सांगितलं की मूळच्या स्टेशन रोडला एका दिवंगत अध्यक्षांचं नाव दिलं, पण जुनं नाव लोकांच्या तोंडात बसलेलं, ते वाया कशाला घालवायचं, म्हणून दुसऱ्या एका बिननावाच्या रस्त्याला दिलं. मूळचा रस्ता कोणता, हे त्यांना माहीत नव्हतं. अध्यक्ष कोणते, हेही नाही. चहा मात्र चांगला होता.

मग स्टेशन सलून. तिथे नुसती चौकशी करायला बसता येत नाही, खुर्ची अडते. म्हणून मी केस कापून घेतले. न्हावी म्हणाला, दुकान वडिलांच्या वेळी स्टेशनसमोरच होतं, पण त्यानंतर आम्ही जागा बदलत आलो. आमचं नाव आमच्याबरोबर येतं, सर, स्टेशन कशाला येईल? वडिलांना विचारून सांगतो म्हणाला. दुसऱ्या खेपेला गेलो तर वडिलांना आठवत नव्हतं, आणि मला पुन्हा केस कापून घ्यावे लागले. कापण्यासारखं काही उरलं नव्हतं, त्यानं कात्री नुसती हवेत चालवली. घरी आल्यावर हिनं विचारलं, कोण गेलं?

स्टेशन लॉज, स्टेशन मेडिकल, स्टेशन पिठाची गिरणी, सगळीकडे तेच. या गावातली माणसं बिऱ्हाड हलवताना पाटी आधी उचलतात. प्रत्येक पाटी वेगळ्या दिशेला बोट दाखवते. मी नकाशावर सगळ्या जागा मांडून मध्यबिंदू काढला. (शास्त्रीय पद्धत आहे, मामा, हसू नका.) तो एका दातांच्या डॉक्टरच्या प्रतीक्षागृहात आला.

शेवटी आईच्या बाजूनं जाऊन पाहिलं. बंद गिरणीच्या भिंतीला लागून आता एक खाजगी दवाखाना आहे. त्याची मागची बाजू पाहायची होती, पण स्वागतकक्षातल्या बाई म्हणाल्या, पेशंट असाल तरच आत जाता येईल. मी पेशंट झालो. आत गेल्यावर डॉक्टरांनी रक्तदाब मोजला, चेहरा गंभीर केला, पुन्हा मोजला. तुमच्या या स्टेशनापायी माझं मीठ बंद झालं आहे. पण मागच्या दारानं बाहेर पडलो तेव्हा स्कूटर लावायच्या पत्र्याखाली दगडी कड दिसली. लांबलचक, सरळ, आणि टोकाला उतरती. फलाट, दुसरं काही नाही. त्याच्यावर कोणीतरी चादरी वाळत घातल्या होत्या. मी तिथे जरा बसलो. चक्कर आली असं समजून नर्सनं मला पुन्हा आत नेलं.

न्याय म्हणून तुमच्या बाजूलाही गेलो. कालव्याकाठी फर्निचरचं गोडाऊन आहे, त्याच्या दरवाजाचा उंबराच जमिनीपासून छातीइतका उंच. तो असा का, हे मालकांनी कधी मनात आणलेलं नाही. कपाटं ट्रकमधून सरळ आत ढकलता येतात, बरं पडतं, म्हणाले. आत रंगाच्या थरांखाली तिकिटाच्या खिडकीची कमान आहे. म्हणजे कालव्याकडेही स्टेशन होतं, मामा, ते तुम्ही स्वप्नात पाहिलं नव्हतं. पण वर, त्रिकोणी भिंतीत, बांधकामाचं वर्ष कोरलंय. ते आईच्या लग्नानंतरचं आहे. गिरणीजवळचं स्टेशन आधीचं, कालव्याकडचं नंतरचं. आई निघाली तेव्हा तुमचं स्टेशन उघडलंही नव्हतं.

तेव्हा पुराव्यानिशी असं ठरतं की आईचं बरोबर आणि तुमचं चूक. हे वाक्य लिहिताना ती समोर बसली आहे आणि ते मी दोनदा वाचून दाखवलं आहे. वयोमानानं आठवणींची अशी सरमिसळ होते, मनाला लावून घेऊ नका, असंही लिही म्हणाली. लिहिलं.

मामींना नमस्कार. प्रकृतीला जपा.

तुमचा भाचा

ता. क. आई पाकीट आणायला आत गेली आहे, म्हणून घाईनं. वर लिहिलं ते खरं आहे, पण पुरतं नाही. गोडाऊनच्या उंच दारात उभा होतो तेव्हा तुमचं ते वाक्य आठवलं, गाडी थांबली नाही, नुसती हळू झाली. आईनं तुम्हाला खोटं पाडलं ते याच वाक्यावर. पण बांधकाम चाललेल्या, अजून न उघडलेल्या स्टेशनात गाडी कशाला थांबेल? तिथून ती नुसती हळू होऊन पुढे जाणार. घरात तेव्हा नव्या स्टेशनाखेरीज दुसरं बोलणं नसणार, आणि ते घराजवळ. सगळे तुम्हाला तापात झोपलेलं सोडून गेले. जाग आल्यावर तुम्ही उठून स्टेशनाकडे पळालात, फक्त चुकीच्या. सहा वर्षांच्या मुलाला ते उघडलं नाही हे कोण सांगणार? तुम्ही आला होतात, मामा. ती तुम्हाला एका फलाटावर शोधत होती आणि तुम्ही दुसऱ्यावर उभे होतात. हे तिला सांगायचा धीर मला होत नाही. इतकी वर्षं, तू आला नाहीस असं म्हणत ती ज्याच्यावर रुसली, तो आला होता हे या वयात ऐकवायचं कसं? म्हणून एक मागणं आहे, आणि खरं तर पत्र त्यासाठीच आहे. रविवारी फोन करा आणि म्हणा, ताई, माझं चुकलं. तेवढं केलंत तर माझं मीठ बंद झालं त्याबद्दल मी तुम्हाला कधी बोलणार नाही.

ता. क. २. धाकट्या, पाकीट या घरात मीच चिकटवते, हे याला साठ वर्षांत समजलेलं नाही. वरचं सगळं वाचलं. गाडी पुलाकडे वळायच्या आधी हळू झाली होती, ते मलाही आठवतं. दगडांच्या ढिगापलीकडे एक पोरगं उभं होतं. मजुराचं असेल असं वाटलं. मीही हात केला होता.

पण चूक ती चूक. तू म्हणतोस तो रुमाल नव्हता. उशीचा अभ्रा होता, हिरव्या काठाचा, माझाच. सासरी पोचल्यावर मी तो माझ्या ट्रंकेत किती दिवस शोधत होते.

रविवारी फोन कर. मी उचलीन.